घडीची खुर्ची

विमानाचं इंजिन हवेत फुटलं तर त्याचे तुकडे कुठे कुठे जातील याचा आधीच विचार करून नियम लिहायचे, हे माझं काम. लोकांना वाटतं ही बाई इंजिन फुटूच नये म्हणून काहीतरी करत असेल. ते खातं वेगळं आहे, वरच्या मजल्यावर बसतं आणि आपलं काम चोख करतं. आम्ही मात्र फुटलं असं धरूनच चालतो. आई ओळखीपाळखीत सांगते, "मोठी आमची विमानांच्या ऑफिसात आहे, पण अभद्र बोलायच्या खात्यात." यात खोडून काढण्यासारखं काही नाही.

इंजिनाच्या पोटात धातूच्या जाडजूड चकत्या असतात आणि त्यांच्या कडेला पाती. एखादं पातं तुटलं तर इंजिनाचं कवच त्याला आतच दाबून धरतं. पण चकतीच फुटली तर तिला अडवणारं कवच कुणाच्या बापाला बनवता येत नाही. बनवलं तर ते इतकं जड होईल की विमान जमिनीवरून उठायचं नाही, आणि जमिनीवर बसून राहिलेलं विमान सगळ्यात सुरक्षित असतं हे आम्हालाही कळतं. तेव्हा तुकडा बाहेर येणार हे मान्य करायचं आणि त्याच्या वाटेत काय नको ते ठरवायचं. तो वाट्टेल तिकडे जात नाही. चकती जिथे फिरते त्याच रेषेत, थोडा पुढे थोडा मागे, असा तो विमानाचं अंग कापत जातो. नकाशावर तेवढा भाग आम्ही तांबड्या रंगाने रंगवतो आणि त्याला पट्टा म्हणतो. विमान वळवणाऱ्या तेलाच्या सगळ्या नळ्या पट्ट्यात एकाच जागी नकोत, सगळ्या तारा एकाच भिंतीतून नकोत. एक तुटली तरी दुसरी दूर कुठेतरी शाबूत राहिली पाहिजे. आमचं सगळं शास्त्र एवढंच, बाकी नुसतं गणित.

मध्यंतरी एका जुन्या जातीच्या विमानाचं इंजिन उड्डाण घेतानाच फुटलं. तुकड्याने तेलाच्या जवळजवळ सगळ्या नळ्या कापल्या, एक तेवढी वाचली. त्या एकीवर वैमानिकाने विमान परत आणून टेकवलं. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून पहिलं पान भरलं. पट्ट्यातल्या रांगेत बसलेलं एक वयस्कर जोडपं जागीच गेलं होतं, त्यांची बातमी आत कुठेतरी आली. चौकशीचा अहवाल माझ्याकडे आला तेव्हा मी आमचं जुनं गणित काढून बघितलं. त्यात विमान वाचलं की हिशेब संपतो. विमान वाचलं, नियम पास. त्या दोघांसाठी गणितात रकानाच नव्हता, आणि इतकी वर्षं ते आमच्यापैकी कुणालाही खटकलं नव्हतं. मलाही नाही.

मग समिती नेमली गेली. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात मी तेलाच्या नळ्या वेगळ्या करण्याचं कलम लिहिलं, आणि त्याच्याखाली हट्टाने आणखी एक: आज जी जुनी विमानं उडतात त्यांच्यातून पट्ट्यात येणारी प्रवाशांची रांग काढून टाकावी आणि पट्ट्यात उरणारी माणसं गणितात मोजावी. एक रांग कमी म्हणजे विमान कंपन्यांचं पोट दुखणार हे ठरलेलं. मी कंबर कसून बैठकीला गेले. कंपन्यांचा प्रतिनिधी नेहमीसारखा परीटघडीच्या शर्टात आला होता. त्याने कलम वाचलं, शेजारच्याच्या कानात काहीतरी विचारलं आणि म्हणाला, "आमची हरकत नाही." सुंठीवाचून खोकला गेला. अध्यक्ष खूश, मी खूश. त्या दिवशी मी येताना आईसाठी फुलं घेऊन आले, तर तिने विचारलं, "कोण गेलं?"

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो माझ्यापेक्षा इतका लहान की शाळेत त्याला सोडायला मी जायचे तेव्हा मास्तर मलाच त्याची आई समजायचे. वडील लवकर गेले, आई कामावर असायची, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून पाढे घेण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. अजूनही त्याला सर्दी झाली की पहिला फोन मला येतो. तो विमानात प्रवाशांची देखभाल करणाऱ्यांतला आता मुख्य झालाय. त्याच्याबरोबरचे त्याला बेल्टमास्तर म्हणतात, कारण बेल्ट न लावणाऱ्या माणसाला तो इतक्या गोड आवाजात बोलतो की माणूस लाजून लावतो. घरी मात्र हा बाबा टॉवेल कधी जागेवर ठेवायचा नाही.

सुट्टीच्या दुपारी तो जेवायला आला. गणवेशाचा कोट खुर्चीच्या पाठीवर, बॅग दारात आडवी. आईने बॅगवरून एकदा बोलून घेतलं. जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, तुझ्या नियमाने आमचं भलं झालं बघ."

"नियम निघालाय कुठे अजून? मसुदा आहे नुसता."

"कंपनी थांबते होय. हँगरमधून पहिलं विमान आलंसुद्धा करून. तुमची ती रांग काढली. तिथे एका बाजूला कपाट बसवलंय आणि कपाटाच्या पाठीला आमची घडीची खुर्ची. आधी आम्ही कुठे बसायचो माहितीये ना? संडासाच्या दाराला गुडघे लावून. आता हे असं." त्याने टेबलाखाली पाय लांब केले. पाय आईच्या पायाला लागले आणि तिने त्याला चापट मारली.

"कुठल्या रांगेच्या जागी?" मी विचारलं.

"तीच गं, पंखावरची. खिडकीतून समोर इंजिन दिसतं बघ, तिथे."

घास तोंडात फिरायला लागला. त्या विमानाची प्रत्येक खिडकी मला पाठ आहे. तरी मी विचारलं, "आणि तुम्ही तिथे बसता कधी?"

"उडताना आणि उतरताना. मधे बसू देतंय कोण आम्हाला? कुणाला पाणी, कुणाला उशी."

उडताना. इंजिनावर सगळ्यात जास्त ताण त्याच वेळी असतो. चकतीला फुटायचंच असेल तर ती तेव्हाच फुटण्याचा संभव जास्त, हे मी नव्या मुलांना पहिल्याच व्याख्यानात सांगते. प्रवाशाची खुर्ची काढून आम्ही तिथे अशी खुर्ची आणून ठेवली होती जिच्यात नेमकं धोक्याच्याच वेळी माणूस असतं, आणि धोका टळला की ते उठून जातं. आईने विचारलं, मीठ जास्त झालंय का. मी नाही म्हटलं आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या कंपनीने पाठवलेले नकाशे काढले. पट्टा तांबडा, आणि तांबड्यात फक्त एक कपाट. खुर्चीचा पत्ता नाही. नीट बघितल्यावर कपाटाच्या पाठीला एक बारीकशी दुहेरी रेघ दिसली. आमच्या नकाशा विभागातल्या बाईंना बोलावून विचारलं, ही रेघ कसली? त्यांनी चष्मा वर केला.

"घडीची खुर्ची आहे मॅडम. मिटलेली."

"मिटलेली का काढलीय?"

"घडी होणारी वस्तू मिटवूनच काढतात. उघडी काढली तर जायची वाट अडलेली दिसते. मग बाहेर पडायच्या वाटा तपासणारे लोक अख्खा नकाशा परत पाठवतात. आम्ही पूर्वीपासून मिटवूनच काढतो, तेही तसंच सांगतात."

"आणि पट्ट्यातली माणसं मोजणारं गणित?"

"ते नकाशावरून खुर्च्या मोजतं."

यात कुणाची लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं, कुणाची तरी गचांडी धरता आली असती. वाटा तपासणाऱ्यांची सोय बघून नकाशावाल्यांनी एक रीत पाडली होती आणि गणितवाल्यांनी तो नकाशा देववाक्य मानला होता. त्यांच्यामधून जिवंत माणसं उठत बसत होती, ती कुणालाच दिसली नाहीत. गणिताच्या शेवटी उत्तर होतं: पट्ट्यातील माणसे शून्य. त्याच शून्याच्या भरवशावर मीच खूश होऊन फुलं आणली होती.

मी अध्यक्षांच्या खोलीत गेले. अध्यक्ष मवाळ गृहस्थ आहेत. कुणी भांडायला लागलं की "आपण सगळे एकाच बाजूचे" म्हणतात आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवतात. त्यांनी नकाशा बघितला, ती रेघ बघितली, आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसले.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मसुदा सहीला गेलाय. हरकती घ्यायची मुदत कधीच संपली."

"मग परत मागवा."

"परत मागवला की सगळाच उघडा पडतो, मॅडम. हे एक कलम वेगळं काढता येत नाही. नळ्यांचं कलमही परत चर्चेला येणार. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. तोवर आहेत ती विमानं आहेत तशीच उडणार. एका खुर्चीसाठी विमानभर माणसं टांगणीला लावायची?"

"फक्त खुर्ची हलवायची आहे."

"कुठे? मागे संडासाशी होती तिथे आता स्वयंपाकाच्या गाड्या. पुढे दार. ते म्हणतील, मग आमची रांग परत द्या." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आणि तुम्हालाही माहितीये, वर्षानुवर्षं एक चकती फुटत नाही."

"मग आपण पगार कशाचा घेतो?"

त्यांनी बशी पुढे सरकवली. मी बिस्कीट घेतलं नाही. मग त्यांनी खाली बघत हळूच विचारलं, "तुमचा भाऊ याच विमानांवर असतो ना?"

आमच्याकडे नियम आहे, आणि चांगला नियम आहे. ज्या विषयात घरच्या माणसाचा संबंध असेल तो विषय मांडताना तसं जाहीर करायचं आणि चर्चा चालू असताना खोलीबाहेर जायचं. धाकटा उडतो हे मी समितीत आले तेव्हाच सांगितलं होतं; तेव्हा प्रश्न सगळ्या प्रवाशांचा होता, कुणी काही म्हटलं नाही. आता प्रश्न एका खुर्चीचा होता. अध्यक्षांनी खास बैठक बोलावली, एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं. मी नकाशा भिंतीवर लावला, रेघ दाखवली, काय घडू शकतं ते सांगितलं, आणि शेवटी म्हटलं की माझा सख्खा भाऊ या खुर्चीत बसतो. तोवर सगळे पुढे झुकून ऐकत होते. हे वाक्य आलं आणि सगळ्यांच्या पाठी खुर्चीला टेकल्या. आपला तो बाब्या, असं तोंडाने कुणी म्हटलं नाही. मी नकाशा तसाच ठेवून बाहेर आले.

बाहेरच्या व्हरांड्यात पाण्याचं मशीन आहे आणि एक बाक. मी बाकावर बसले. दाराच्या काचेला कागद चिकटवलेला आहे, आत माणसं हलताना नुसत्या सावल्या दिसतात. कंपन्यांच्या प्रतिनिधीचा आवाज एकदा मोठा झाला, मग कुणीतरी हसलं. हसणं आमच्या विषयावरचं नसेलही. मशीनच्या तोटीतून थेंब थेंब पाणी खालच्या ताटलीत पडत होतं आणि ताटली भरत आली होती. ती ओतून यावी असं वाटलं, पण तेवढ्यात बोलावतील म्हणून मी उठले नाही.

आधी कॅप्टन बाहेर आले. कॅप्टन म्हणजे वैमानिकांच्या बाजूने समितीवर असलेले, केस पिकलेले, सरळ बोलणारे. ते माझ्या शेजारी बसले.

"नोंद घेतली," ते म्हणाले. "पुढच्या दुरुस्तीत प्राधान्याने विचार करू, असं लिहिलंय."

"पुढची दुरुस्ती कधी?"

"तुम्ही लिहिता ना दुरुस्त्या? तुम्हीच सांगा." मग त्यांचा आवाज उतरला. "मी तुमच्या बाजूने बोललो, मॅडम. पुष्कळ बोललो. मग अध्यक्षांनी मला सरळ विचारलं, मसुदा थांबवू का? हो किंवा नाही सांगा. नळ्या कापलेलं विमान हातात कसं लागतं ते मी त्या वैमानिकाच्या तोंडून ऐकलंय. मी गप्प बसलो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या खोलीत मी असते आणि खुर्चीत दुसऱ्या कुणाचा भाऊ बसत असता, तर मीही मसुदा थांबवू नका असंच म्हटलं असतं. वर चार वाक्यांचं टिपण लिहिलं असतं आणि रात्री शांत झोपले असते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी कॅप्टनना म्हटलं, "चहा घेऊया," आणि आम्ही खाली जाऊन चहा घेतला.

धाकट्याला सांगावं की नाही यावर मी खूप दिवस घालवले. सांगून करणार काय, असंही वाटायचं. पण तो उड्डाणाला निघाला की तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत माझं कशात चित्त लागेना. ऑफिसात भलत्याच कागदावर सही केली, घरी दूध उतू घालवलं. शेवटी मी ठरवलं की सांगायचं. माझा हिशेब साधा होता. तो मुख्य आहे, कुणी कुठे बसायचं ते तो ठरवतो. कळलं की तो आपणहून दुसरीकडे बसेल, निदान तो तरी.

आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून उभा होता, मी भांडी विसळत होते. मी त्याच्याकडे न बघता सगळं सांगितलं. पट्टा, नकाशा, रेघ, बैठक. त्याने मधे एकदा थट्टा केली, "म्हणजे पाय पसरायची जागा फुकटात मिळत नाही तर." मग थट्टा थांबली.

"बाकीच्या आमच्या खुर्च्या?" त्याने विचारलं.

"बाहेर आहेत. पट्ट्यात ती एकच."

"हं."

"तू मुख्य आहेस. तू दुसरीकडे बस." हे बोलताना मला लाज वाटली नाही. नंतरही वाटलेली नाही.

त्याने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसायला लागला. टॉवेलसुद्धा जागेवर न ठेवणारा माणूस. "आम्ही चौघं आळीपाळीने बसतो गं," तो म्हणाला. "ऐसपैस जागा आहे म्हणून सगळ्यांना हवी असते. मागच्या खेपेला ती आमची नवी मुलगी बसली होती. तिच्या आधी तो जाड्या, त्याला घरी जुळी आहेत."

"सगळ्यांना सांग मग. संघटनेला सांग."

"सांगतो."

त्याने सांगितलं. संघटनेने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं ते त्याने मला वाचून दाखवलं: आसनांची मांडणी नव्या नियमाच्या प्रत्येक कलमाला धरून आहे. होतीच. ती कलमं माझ्याच हातची होती आणि तेवढ्यात त्यांच्यावर सहीही झाली होती. नियम लागू झाला. अध्यक्षांनी सगळ्यांना अभिनंदनाचे संदेश पाठवले. पुढच्या दुरुस्तीची फाईल मी उघडली आणि तिच्यावर लाल पट्टी लावून वर पाठवली. ती कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला मी रोज जाते, म्हणून शिपाई आता मला बघितलं की आधीच मान हलवतो.

काही दिवसांनी धाकट्याच्या बरोबरीचा तो जाड्या मला बाजारात भेटला. हातात दोन्हीकडे जुळी. खूप मोकळेपणाने बोलला. म्हणाला, "ताई, तुमच्या भावासारखा माणूस नाही. त्या खुर्चीवर आता तो कुणाला बसूच देत नाही. दरवेळी स्वतःच बसतो. आम्ही भांडलो त्याच्याशी, तर म्हणतो मी मुख्य आहे, मी म्हणेन तसं."

भाजीची पिशवी मी तिथेच खाली ठेवली. त्याला वाटलं मला चक्कर आली. एका पोराला खाली सोडून त्याने मला धरलं.

संध्याकाळी मी धाकट्याच्या खोलीवर गेले. तो बूट पुसत होता. मी दारातूनच सुरू केलं. किती बोलले, काय बोलले, सगळं आठवत नाही. तुला शहाणपणा कुणी शिकवला, म्हणाले. आईचा विचार कर, म्हणाले. माझा कर. तो ऐकत राहिला आणि बुटाला ब्रश मारत राहिला.

"आधी तू चार खेपांतून एकदा बसत होतास," मी म्हटलं.

"हो."

"आता प्रत्येक खेपेला."

"आता मला माहीत आहे ना ताई. माहीत असून दुसऱ्याला कसं बसवू? तू बसवलं असतंस?"

मी बसवलं असतं. त्याच्यासाठी मी कुणालाही बसवलं असतं.

"त्यांनाही माहीत आहे," मी म्हटलं. "तू सांगितलंयस सगळ्यांना."

"म्हणूनच. आता कुणाचं नाव लावलं की ते माझ्याकडे बघतात." त्याने बूट खाली ठेवला. "कंपनी सोडू म्हणतेस? सोडली तरी खुर्ची तिथेच राहणार. मग ते चिठ्ठ्या टाकत बसतील."

"आणि मी तुला सांगितलंच नसतं तर?"

"तर आळीपाळीनेच चाललं असतं," तो म्हणाला. मला टोचावं म्हणून तो बोलला नाही, विचारलं त्याचं उत्तर दिलं. मग त्याने माझ्यासाठी पाणी आणलं. मी त्याला सर्दी झाल्यावर वाफ घ्यायला बसवायचे तसं त्याने मला पलंगावर बसवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी खूप रडले. त्याने जेवायला थांब म्हटलं, मी थांबले नाही.

त्यानंतर आईला मावशीकडे जायचं होतं. मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आईला एकटीला सोडण्यात अर्थ नव्हता. धाकट्याने हौसेने आम्हाला त्याच्याच विमानात घेतलं. जागाही त्यानेच बघून दिल्या, पट्ट्याच्या लगेच मागची रांग. पूर्ण सुरक्षित. ती सुरक्षित आहे असं लेखी देणारी मीच. आई खिडकीशी, मी मधे, आणि माझ्या पलीकडे एक बाई. आमच्या पुढे खुर्च्याच नव्हत्या, मोकळी जागा होती. आणि तिच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून, कपाटाच्या पाठीला ती खुर्ची मिटलेली होती.

धाकट्याने बेल्ट कसा लावायचा ते दाखवलं. आईने टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. तिने माझ्या अंगावरून वाकून त्या बाईला सांगितलं, "हा माझा मुलगा. आणि ही मुलगी. ही एवढी मोकळी जागा दिसतेय ना, ती हिने नियम करून केलीय."

"खरंच?" बाई मला म्हणाल्या. "किती बरं वाटतं हो. माझे गुडघे दुखतात." त्यांनी पाय लांब केले. आईनेही केले. मी पण केले, का ते माहीत नाही.

"आणि त्याला ही बसायला जागा पण हिच्यामुळेच मिळाली," आई सांगत होती. "आधी बिचारा संडासाशी बसायचा."

धाकट्याने खुर्ची उघडली, बसला, खांद्यावरून दोन्ही बेल्ट ओढून छातीवर अडकवले. आई त्याच्याकडे बघून हसली, तोही हसला. विमान धावपट्टीच्या टोकाला येऊन थांबलं. पट्टा कुठे सुरू होतो ते मला जमिनीवर रेघ ओढल्यासारखं दिसत होतं. तो कपाटातून जात होता, त्याच्या डोक्यातून, छातीवरच्या बेल्टमधून, गुडघ्यांतून, आणि अलीकडे माझ्या पावलांपर्यंत येत होता. माझ्या उजव्या पायाची बोटं आत होती.

इंजिनाचा आवाज चढायला लागला. पूर्ण चढला. आणि माझा पाय मागे आला. मी घेतला नाही, तो आपोआप आला, खुर्चीखाली, पार आत.

धाकट्याने ते बघितलं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, बरोबर केलंस, असंच ठेव.

"काय गं," आईने विचारलं, "पायात गोळा आला का?"

"हो," मी म्हटलं.